तलाव चहाला हात लावत नाही

नवरोझ, म्हणजे आमचं नवं वर्ष, होऊन आठवडा झाला असेल, तेव्हा शिनदोल धरणातला तलाव आमच्या घरी पाहुणा आला. सकाळची वेळ होती, मी तंदुरात नान लावत होते, आणि मला पहिली काळजी वाटली ती दिवाणखान्यातल्या नव्या गाद्यांची.

तो रस्त्याने आला, कसलीही गडबड न करता. मुख्तार कादरच्या भिंतीजवळ वळला, कोंबड्यांना वाट दिली आणि आमच्या दाराशी येऊन थांबला. मुख्तार म्हणजे आमच्या गावाचा प्रमुख. त्याची भिंत रस्त्यावर इतकी पुढे आली आहे की जाताना माणसांचे खांदे घासतात, पण तलावाने तिला ओला डागसुद्धा लावला नाही. माझे हात कोपरापर्यंत पिठात होते, म्हणून मी नुसती मान झुकवली. तो आत गेला आणि दारापासून सगळ्यात लांबच्या, म्हणजे मानाच्या जागी जाऊन बसला.

एवढा मोठा तलाव एका खोलीत मावला कसा, असं नंतर शहरातल्या लोकांनी फार विचारलं. पाहुणा मावेल की नाही, हा विचार आमच्याकडे करत नाहीत. तो मावतो. दारातून पाहिलं तर समोर गाद्या, गाद्यांवर पाणी, आणि पाण्यापलीकडे आमची मागची भिंत जराशी धुक्यात, एवढंच दिसत होतं. गाद्या कोरड्या होत्या. मी हात लावून पाहिलं.

खरी अडचण होती ती माझ्या सासूची. तिचं नाव परीखान. सासूला आम्ही आईच म्हणतो, दाया. हाक मारायची ती दाये. दायाचं आणि तलावाचं वैर होतं. ती लग्नाच्या वयाची झाली होती तेव्हा खालच्या दरीत भिंत बांधली गेली, आणि कानीस्पी नावाचं तिचं गाव पाण्याखाली गेलं. सगळं गाव उठून वर डोंगरावर आलं, तेच हे आमचं आताचं गाव. त्याला चाळीस वर्षं झाली. बाकीच्यांनी हळूहळू तलावाशी जमवून घेतलं. बायका काठावर गालिचे धुतात, पुरुष मासे धरतात, नवरा-नवरीचे फोटो तिथेच निघतात. दायाने मात्र त्या पाण्यात बोट बुडवलं नाही. शेजारी मासे तळायला लागले की ती उठून माळवदावर जाऊन बसते. आमच्या दिवाणखान्याला तलावाकडे उघडणारी एक सुंदर खिडकी आहे, असं मी ऐकून होते. दायाने लग्नातलं कपाट तिच्यासमोर उभं केलं होतं, त्यामुळे मी सून म्हणून आल्यापासून ती खिडकी पाहिलेली नव्हती.

दाया झाडू घेऊन दिवाणखान्यात गेली आणि तिने पाहिलं की कोण बसलंय. मग झाडू दाराआड ठेवला, ओढणी नीट केली आणि म्हणाली, "या, डोळ्यांवर या." आमच्याकडे पाहुण्याचं स्वागत असंच करतात. दायाने ते शब्द उच्चारले खरे, पण इतक्या कोरड्या आवाजात की दुसरा कुणी असता तर उठून गेला असता.

स्वयंपाकघरात येऊन ती मला म्हणाली, "शीलान, चहा ठेव."

"दाये, पण हा तर..."

"पाहुण्याला कोण म्हणून विचारत नाहीत. का आलात म्हणून विचारत नाहीत. एकटं सोडत नाहीत. चहा ठेव."

मी समावर, म्हणजे चहाचं पाणी उकळायचा बंब, पेटवला. आमचा चहा इस्तिकानमध्ये देतात, कमरेत बारीक असलेला छोटासा काचेचा पेला, तळाला साखर. मी तो तलावासमोर ठेवला. दाया समोरच्या भिंतीला टेकून बसली, कारण पाहुण्यासोबत घरातल्या मोठ्या माणसानेच बसायचं असतं, आणि माझा नवरा रेबवार ट्रक घेऊन सीमेपलीकडे गेलेला होता. दोघं एकमेकांसमोर बसले. दाया छताकडे पाहत होती. तलाव हळूहळू हलत होता.

चहाला त्याने हात लावला नाही. तो निवला, मी उचलला आणि दुसरा आणला. तोही निवला. थंड चहा प्यायला देणं हा अपमान, आणि चहा न देणं त्याहून मोठा, म्हणून माझ्या सारख्या खेपा चालू. थंड झालेला चहा मी अंगणात ओतत होते. कोंबड्यांनी तो पिऊन एवढा गोंधळ घातला की शेजारीण भिंतीवरून डोकावून गेली.

दुपारी धरणाचा इंजिनियर आला. काक हेमिन, शहरातला तरुण मुलगा, स्वभावाने गरीब. काक म्हणजे भाऊ, पुरुषांच्या नावाआधी आदराने लावतात. सकाळी तो धरणाच्या भिंतीवर चढला होता तेव्हा तिच्या दोन्ही बाजू सारख्याच कोरड्या दिसत होत्या. त्याने जोडे दारात काढले, आत डोकावला आणि माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "तलाव इथे आहेत का?"

"आहेत. चहा समोर आहे."

तो दाराजवळच्या कमी मानाच्या जागी मांडी घालून बसला. तलावाला त्याने छातीवर हात ठेवून नमस्कार केला. मग दायाला म्हणाला, "मीमक परीखान, जलाशयाला परवानगीशिवाय जागा सोडता येत नाही. खाली भाताची रोपं तयार आहेत. या आठवड्यात कालव्याला पाणी सोडायचंय."

मीमक म्हणजे मावशी. परक्या बाईलाही आमच्याकडे आदराने तसंच म्हणतात.

"मग सांगा त्याला," दाया म्हणाली.

"मी कसं सांगू? तुमच्या घरात बसलेत."

"मीही नाही सांगू शकत. माझ्या घरात बसलाय."

हेमिनने मान हलवली. तोही याच डोंगरांतला, त्याला हे पटण्यासारखंच होतं. तेवढ्यात त्याच्या वरिष्ठांचा फोन आला. तो अंगणात जाऊन बोलला, "हो साहेब, सापडले. नाही, सध्या त्यांना उठता येत नाही. एका घरी बसलेत. हो, घरात मोठं माणूस आहे." मग परत येऊन त्याने माझ्याकडे चहा मागितला, आणि निदान तो तरी प्यायला म्हणून मला बरं वाटलं.

इकडे दरी रिकामी झाली होती आणि सगळं गाव खाली उतरलं होतं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा कानीस्पी उघडं पडलं होतं. परत आलेलं प्रत्येक माणूस आमच्याकडे येऊन बातमी सांगत होतं, आणि पाहुण्यासमोर मोठ्याने बोलणं बरं नाही म्हणून कुजबुजत सांगत होतं. मशिदीचा मिनार अर्धा आहे. पाणचक्कीचं जातं जागच्या जागी आहे. मुख्तार कादरच्या बायकोला तिच्या चुलीमागे तांब्याची कढई सापडली. ती कढई शेजारणीने चोरली असं ती इतकी वर्षं सांगत आली होती. शेजारीण नेमकी बरोबरच होती. त्या शेजारणीनेच कढई डोक्यावर घेतली आणि वर येईपर्यंत कुणाच्या हातात दिली नाही.

दाया सगळ्यांचं ऐकत होती. कुणी मिनाराचं सांगितलं की "हं" म्हणायची, कुणी तुतीच्या खोडाचं सांगितलं की "हं" म्हणायची. तिचे हात मांडीवर होते आणि अंगठा सारखा ओढणीच्या काठावरून फिरत होता. मी तिला ओळखते. तिला जायचं होतं. ज्या दिवसाची वाट पाहण्याचीही सोय नव्हती अशी चाळीस वर्षं गेली होती, आणि आता तिचं घर कोरड्या जमिनीवर उभं होतं, उतारावरून चालत जाण्याच्या अंतरावर.

मी तिला स्वयंपाकघरात बोलावलं. "दाये, तू जा. मी बसते त्याच्यासोबत."

"सुनेला बसवून घरची मालकीण हिंडायला गेली, असं म्हणतील."

"कोण म्हणेल? अख्खं गाव खाली आहे."

"हा म्हणेल," तिने डोळ्यांनी दिवाणखान्याकडे खूण केली, आणि परत जाऊन बसली.

मला भयंकर राग आला. ज्याने तिचं घर नेलं तोच तिला ते घर पाहायला जाऊ देत नव्हता, आणि वर आमचा एवढा चांगला चहा वाया घालवत होता. पुढचा इस्तिकान मी त्याच्यासमोर जरा आपटूनच ठेवला. दायाने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी परत जाऊन तो अलगद ठेवला.

दुसऱ्या दिवशी मामोस्ता आले. मामोस्ता म्हणजे आमच्या मशिदीतले गुरुजी. त्यांनी तलावाची विचारपूस केली, प्रकृतीची, हवेची, डोंगरावरच्या बर्फाची, आणि मग त्यांची नजर न प्यायलेल्या चहावर गेली.

"किती वेळ झाला हे असं चाललंय?" त्यांनी विचारलं.

"आल्यापासून, मामोस्ता," मी म्हणाले. "साखर कमी पडते म्हणावं तर आधी तोंड तरी लावायला हवं."

"पोरी, तू लहान आहेस. हा चहा नाकारत नाहीये. हा काहीतरी मागायला आलाय."

मग माझ्या लक्षात आलं, आणि इतका वेळ कसं लक्षात आलं नाही याची लाज वाटली. मुलीला मागणी घालायला किंवा दोन घरांतलं भांडण मिटवायला माणसं येतात तेव्हा ती चहाला हात लावत नाहीत. पेला समोर ठेवून बसून राहतात. घरच्या मोठ्या माणसाने म्हणायचं, "प्या, तुमचा शब्द राखला." मग ते पितात. गोम अशी की शब्द आधी द्यायचा आणि मागणं मग कळतं. माझ्या वडिलांनीही रेबवारच्या माणसांना असाच शब्द दिला होता, आणि रेबवार घोरतो हे मागाहून कळलं.

मुख्तार कादर बायकोसोबत दाराशी उभा होता. त्याचा चेहरा उतरला. "परीखान, शब्द देऊ नकोस," तो म्हणाला. "एक गाव घेऊन झालंय. आता हे वरचं मागितलं तर?"

सगळ्यांनी त्या दिवशीही येऊन बसलेल्या इंजिनियरकडे पाहिलं. हेमिनने पेला खाली ठेवला. "भिंत आणखी उंच करायचं एक बोलणं कचेरीत चालू आहे," तो म्हणाला. "नुसतं बोलणं. तलावांना ते कुणी कळवल्याचं मला माहीत नाही."

"बघ," मुख्तार म्हणाला.

शब्द दिला तर गाव जाऊ शकत होतं. नाही दिला तर पाहुणा असाच बसून राहणार, भात वाळणार, आणि ती त्याच्यासमोर बसून राहणार. खाली तिचं घर आणि वर ती. खोलीत तलावाचा चुबुक चुबुक आवाज तेवढा ऐकू येऊ लागला.

त्या शांततेत मुख्तारच्या बायकोला राहवलं नाही. कढईचा विषय निघण्याआधी दुसरा काढावा, असाही तिचा हिशेब असेल. ती म्हणाली, "परीखान, मी तुला सांगायचं विसरले. तुझ्या घराचं दार उघडं आहे."

"मोडलं असेल."

"मोडलं नाही, उघडं आहे. बंद होऊ नये म्हणून खाली दगड लावलाय. माळवदावर फिरवायच्या रुळाचा तुकडा आहे, मी ओळखला."

आमची छपरं मातीची असतात. पाऊस-बर्फ झाल्यावर ती घट्ट बसावीत म्हणून त्यांच्यावर दगडी रूळ फिरवतात. दायाच्या माहेरचा रूळ तुटलेला होता, हे मीही तिच्याकडून ऐकलं होतं.

दायाचा अंगठा ओढणीवर थांबला.

"तो आईने लावला," ती म्हणाली. "निघताना. मी कुलूप आणलं होतं. आई म्हणाली, कुलूप कशाला? आपल्यामागे कुणी आलंच तर दार बंद दिसायला नको. मी म्हटलं, आता कोण येणार आहे?"

एवढं बोलून तिने पहिल्यांदाच तलावाकडे सरळ पाहिलं. आल्यापासून तिने छताकडे, भिंतीकडे, चहाकडे पाहिलं होतं. तिने त्याला एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत पाहिलं.

"म्हणजे हा तेव्हापासून आमच्याकडेच उतरलाय," ती म्हणाली. "आईने दार उघडं ठेवलं. हा आला आणि बसला. आणि चाळीस वर्षांत आमच्या घरातल्या एकाही माणसाने जाऊन याला चहा विचारला नाही."

"परीखान, त्याने गाव बुडवलं," मुख्तार म्हणाला.

"गाव भिंतीने बुडवलं, काक कादर, आणि भिंत माणसांनी बांधली. त्यांना मी माफ केलेलं नाही आणि करणारही नाही." हेमिन उठायला लागला तशी ती म्हणाली, "तुम्ही बसा, तुमचा जन्म झाला नव्हता. हा नुसता उघड्या दारातून आत आला. आपल्याकडे कुणीही तसंच येतं."

तिने इस्तिकान स्वतः उचलला, त्यातला थंड चहा टाकला, समावरातून गरम भरला आणि दोन्ही हातांनी तलावासमोर ठेवला.

"प्या," ती म्हणाली. "तुमचा शब्द राखला."

मुख्तारने डोळे मिटून घेतले. त्याने उघडले तेव्हा पेला रिकामा होता. कसा रिकामा झाला हे आम्हा कुणालाच नीट सांगता येणार नाही, पण तळाची साखरसुद्धा राहिली नव्हती. मग तलाव उठला, आमच्या सगळ्यांमधून वाट काढत दारापर्यंत गेला आणि उंबऱ्यापाशी थांबला. आता मागणं येणार म्हणून आम्ही वाट पाहत राहिलो. तो काही मागेना आणि पुढेही जाईना.

जोडे मी पाहिले. पाहुणा निघाला की त्याचे जोडे बाहेरच्या दिशेला वळवून ठेवतात, म्हणजे त्याला पाय घातले की चालायला लागता येतं. ते घरच्यांनी करायचं काम. उंबऱ्यापाशी हेमिनचे, मामोस्तांचे, मुख्तारचे जोडे होते तसेच होते. फक्त दायाचे काळे जोडे वळवलेले होते, टोकं रस्त्याकडे. ते ओले होते.

"दाये," मी म्हणाले, "हा तुला न्यायला आलाय."

दाया उठली. तिचे गुडघे दुखतात, म्हणून मी हात दिला. ती म्हणाली, "समावर बांध. आणि साखर जास्त दे, तिथली कशी असेल कुणास ठाऊक."

हेमिन पुढे आला. आपलं काम त्याला सोडवत नव्हतं. "मीमक, तळाला माणूस असताना जलाशय भरता येत नाही. नियम आहे."

"भरायला कोण सांगतंय? तो त्याच्या मुक्कामी चाललाय."

"पण तुम्ही आत असाल."

"मी माझ्या घरी असेन, बाळा. घरी असायला कुणाची परवानगी लागते?"

हेमिनने विचार केला. त्याला आठवणाऱ्या कुठल्याही नियमात हे बसत नव्हतं, आणि याने कुठला नियम मोडतही नव्हता. "संध्याकाळपर्यंत या म्हणजे झालं," तो म्हणाला.

दाया पुढे आणि तलाव मागे असे ते गावातून निघाले. तिच्या गुडघ्यांमुळे फार हळू चालावं लागत होतं, आणि तो तिच्यापुढे एक बोटही गेला नाही. मी काठापर्यंत समावर घेऊन गेले. तिथे तिने तो माझ्या हातातून घेतला आणि एकटी खाली उतरली. तलाव काठावर थांबून राहिला. आम्ही सगळे धरणाच्या भिंतीवरून पाहत होतो. ती मशिदीवरून गेली, तुतीच्या खोडाला हात लावला, आणि मग एका लहान घराच्या दाराशी पोहोचली. चौकटीवर हात ठेवून ती इतका वेळ उभी राहिली की मुख्तारची बायको रडायला लागली आणि कढईवाल्या शेजारणीने तिच्या खांद्यावर हात ठेवला. मीही रडले. लपवण्यासारखं काही नाही त्यात.

मग ती आत गेली. थोड्या वेळाने माळवदाच्या भोकातून धूर निघाला, समावराचा. ती परत दारात आली आणि काठाकडे पाहून काहीतरी म्हणाली. एवढ्या लांबून ऐकू आलं नाही, पण दारात उभं राहून पाहुण्याला आम्ही एकच गोष्ट म्हणतो. तलाव खाली उतरला. तो दरीत शिरला, शेतांवरून गेला, घरांवरून गेला, आणि शेवटी भिंतीवरच्या खुणेला येऊन टेकला. हेमिनने खूण पाहिली. मग पाण्याच्या मधोमध सरळ वर जाणारा तो बारीक धूर पाहिला. मग परत खूण पाहिली.

"पातळी बरोबर आहे," तो म्हणाला, आणि कालव्याचा दरवाजा उघडायला निघून गेला.

ऊन कलल्यावर दाया जुन्या रस्त्याने पाण्यातून वर आली. ओढणी कोरडी होती आणि समावर रिकामा. मी तिला विचारलं, कसं आहे घर? ती म्हणाली, "चांगलं ठेवलंय त्याने. एका कोपऱ्यात माळवद गळतं. रेबवार आला की रूळ घेऊन जायला हवं."

रेबवार आल्यावर त्याने आधी कपाट खिडकीसमोरून हलवलं, मग रूळ खांद्यावर घेऊन खाली गेला. आता दर शुक्रवारी दाया तिकडे असते. कोळ्यांना माहीत झालंय, ते धुराच्या अलीकडून होड्या वळवतात. तलाव साखर जास्त घेतो. पहिल्या दिवशी लाजत होता, असं दाया म्हणते. भिंत उंच करायचं बोलणं कचेरीत अडकलंय, कारण हेमिनने वर कळवलं की पाहुण्याची जागा वाढवायची असेल तर घरमालकिणीला विचारावं लागेल. त्यांनी विचारलं आहे. दाया म्हणते, विचार करते, आणि ती विचार करायला किती वेळ घेते हे मला ठाऊक आहे.

त्या पहिल्या संध्याकाळी मात्र मला एकच काळजी होती. जोडे काढून ती उंबऱ्यावर बसली तेव्हा मी विचारलं, "दाये, येताना दार नीट लावून घेतलंस ना?"

"दार कशाला लावू?" दाया म्हणाली. "तो आहे की घरी."